वस्तीवरचा कुत्रा कोंबड्या-शेळ्यांच्या मागे लागतो? त्याला वळण असं लावा



आज पिकाचा, फवारणीचा किंवा बाजारभावाचा मेसेज नाही. पशुपालन गटात एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, म्हणून त्यावरच सविस्तर लिहितोय. "राखणीला कुत्रा आणला आणि तोच कोंबड्या धरायला लागला." "शेळ्या सोडल्या की मागे पळतो, काल एक गाभण शेळी कुंपणात अडकली." "मांजर घरात यायचंच बंद झालं." "ठिबकच्या नळ्या चावून ठेवल्या." मेसेज थोडा मोठा आहे. सवडीने वाचा आणि घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा, कारण कुत्र्याबरोबर जास्त वेळ तीच असतात.

हा प्रश्न किरकोळ नाही. कुत्रा मागे लागला की गाभण शेळी गाभडू शकते. दुभती शेळी घाबरली की दूध चोरते, आणि रोज धाक बसला की कोंबड्या अंड्यावरून उठतात. शेजाऱ्याची कोंबडी धरली तर भांडण वेगळंच, आणि त्या भांडणात कुणीतरी भाकरीत विष घालून मोकळं होतं. एवढं सगळं होईपर्यंत थांबण्यापेक्षा महिना-दीड महिना रोज थोडा वेळ दिलेला बरा.

*तो असं का करतो?*

पळणाऱ्या गोष्टीमागे पळणं हा कुत्र्याचा उपजत स्वभाव. त्याचा भुकेशी फारसा संबंध नाही. पोटभर जेवलेला कुत्राही कोंबडी फडफडली की धावतो, म्हणून "खायला कमी पडतं म्हणून धरतो" हा हिशेब बरोबर नाही. त्याला त्या पळण्यातच मजा येते. एकदा पळाला, कोंबडी ओरडत पळाली, की त्याला त्याचं बक्षीस मिळालं. दुसऱ्या वेळी तो आणखी जोरात पळणार. प्रत्येक पाठलाग म्हणजे त्याची एक शिकवणीच समजा. तुम्ही शिकवत नसलात तरी तो शिकतोच आहे.

त्यात आपल्याकडचे बरेच कुत्रे दिवसभर तीन-चार फूट साखळीला असतात, आणि तेही नेमके खुराड्यासमोर किंवा गोठ्याच्या तोंडाशी. समोर कोंबड्या फिरतायत, याला हलता येत नाही. दिवसभर तो नुसता धुमसतो आणि संध्याकाळी सोडला की वारं प्यायल्यासारखा सुटतो. कुत्रा सारखा बांधून ठेवणं आणि त्याला फिरवायचंच नाही, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हाही आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी बांधलेला कुत्रा चांगला राखणदार होतो हा समज चुकीचा आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांवर सारखाच भुंकतो, आणि मग त्याच्या भुंकण्याकडे कुणी लक्ष देत नाही.

जातीचाही फरक पडतो. कारवानी, पश्मी, मुधोळ हे मुळात नजरेने सावज हेरून धावणारे शिकारी कुत्रे. ससा दिसला की धावायचं, हे त्यांच्या रक्तात. असा कुत्रा आणून कोंबड्यांत मोकळा सोडला तर दोष त्याचा नाही. उलट धनगरांची कुत्री बघा. पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांच्या अंगाखाली वाढतं, मेंढ्यांचा वास हाच त्याचा घरचा वास. पिल्लाचं तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंतचं वय सगळ्यात मोलाचं असतं. त्या काळात जे रोज शांतपणे बघितलं ते त्याला आपलं वाटतं. म्हणून नवं पिल्लू आणणार असाल तर आठ आठवड्यांचं झाल्यावर आणा (त्याआधी आईपासून तोडू नका), आणि पहिल्या आठवड्यापासून त्याला कोंबड्या, शेळ्या, मांजर, ट्रॅक्टर, पाहुणे हे सगळं लांबून, दोरीवर, निवांत दाखवत जा.

पण बहुतेकांकडे पिल्लू नाही. वर्ष-दीड वर्षाचा, अंगात मस्ती असलेला गडी आहे. त्याचं काय करायचं, ते पुढे.

*पहिलं काम: पाठलाग बंद*

शिकवणं नंतर. आधी पुढचे तीन-चार आठवडे त्याला एकही पाठलाग करायला मिळता कामा नये. कोंबड्या मोकळ्या असताना कुत्रा दोरीवर, आणि कुत्रा मोकळा असताना कोंबड्या खुराड्यात. मधे कुणी नसताना दोघं एकत्र मोकळे नकोत. हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, कारण घरात चार माणसं आणि प्रत्येकजण वेगळ्या वेळी दार उघडतो. खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा, पोरांवर सोपवा, काहीही करा. आठ दिवस जपलं आणि नवव्या दिवशी त्याने एक कोंबडी पळवली, तर बरीच मेहनत पाण्यात जाते.

बांधायचा असेल तर जनावरं दिसणार नाहीत अशा सावलीच्या जागी, पाणी जवळ ठेवून आणि लांब दोरीवर बांधा. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास दोरीवर बांधावरून फिरवा. हुंगू द्या, थांबू द्या. नुसत्या या फिरण्याने आठवड्याभरात निम्मी मस्ती उतरलेली दिसेल. खाणं दोन वेळा, ठरलेल्या वेळी. नुसती भाकरी-दूध त्याला पुरत नाही. डाळ-भात, उकडलेलं अंडं, जमेल तसं शिजवलेलं मांस द्या, पण शिजवलेली हाडं नकोत. ती फुटून आतड्यात टोचतात.

ठिबकच्या नळ्या चावण्याचं सांगायचं तर, चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात, तेव्हा ते काहीही चावतं. जुन्या जाड दोरखंडाला दोन-तीन गाठी मारून चावायला द्या आणि तेवढे महिने लॅटरलमध्ये एकटं सोडू नका. मोठा कुत्रा चावत असेल तर त्याला करायला काही नाही, एवढाच त्याचा अर्थ.

*शब्द एकच ठेवा*

आजी "हाड" म्हणते, पोरगा "नो" म्हणतो, तुम्ही "ए थांब रे" म्हणता, आणि कुत्रा तिघांकडे बघत उभा राहतो. घरात बसून शब्द ठरवा. चार पुरेत: त्याचं नाव, "ये", "बस" आणि "सोड". "हाड" वापरू नका. तो शब्द आपण रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला ओरडतो, त्याला काही अर्थ उरलेला नाही.

सुरुवात अंगणात करा, जिथे दुसरं जनावर नाही. खिशात उकडलेल्या अंड्याचे किंवा चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे ठेवा. नाव घ्या. वळून बघितलं की लगेच तुकडा. लगेच म्हणजे एक-दोन सेकंदांत. उशीर झाला तर कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. दहा-पंधरा वेळा झालं की थांबा. मग "बस": तुकडा नाकाजवळून डोक्यावरून मागे न्या, मान वर जाते, बूड आपोआप टेकतं, त्या क्षणी द्या. "सोड" शिकवताना मुठीत तुकडा धरा. तो चाटेल, नखं मारेल, मूठ उघडू नका. तोंड मागे घेतलं की "सोड" म्हणून दुसऱ्या हातातून तुकडा द्या. पाच-सात मिनिटं, दिवसातून दोनदा. जास्त वेळ घेतला तर तोही कंटाळतो आणि तुम्हीही.

तुकडे म्हणून द्राक्षं, बेदाणे, कांदा आणि चॉकलेट चुकूनही देऊ नका. द्राक्ष-बेदाण्याने कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते आणि कांद्याने रक्त कमी होतं. आपल्यात द्राक्ष आणि कांदा दोन्ही पिकवणारे बरेच आहेत, शेडमधला माल उघडा असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

*आता कोंबड्यांसमोर*

हे शब्द अंगणात दहापैकी आठ-नऊ वेळा ऐकू लागला की पुढे चला.

कोंबड्या खुराड्यात, जाळीत किंवा डालग्याखाली असू द्या. कुत्रा मजबूत पट्टा आणि पंधरा-वीस फुटी दोरीवर. दोरी हाताला गुंडाळू नका, झटका बसला तर बोटं जातात. चाळीस-पन्नास फुटांवर उभे राहा. तिथे त्याला कोंबड्या दिसल्या पाहिजेत, पण तो ओढ घेत नसावा. त्याने कोंबडीकडे बघितलं की शांत आवाजात नाव घ्या. तुमच्याकडे वळला की तुकडा. परत बघेल, परत नाव, परत तुकडा. काही दिवसांत एक गंमत दिसेल: तो कोंबडी बघतो आणि तुम्ही काही म्हणायच्या आत आपणहून तुमच्या खिशाकडे वळतो. ते दिसलं की रुळावर आलात. आता चार-पाच फूट पुढे सरका. रोज सरकायचं नाही, जमेल तेव्हा.

कुत्र्याचं अंग वाचायला शिका. मान खाली, कान पुढे, तोंड मिटलेलं, शेपूट ताठ आणि नजर एकाच कोंबडीवर खिळलेली असेल तर तो झेप घेण्याच्या बेतात आहे. अशा वेळी तो ऐकत नाही, तुकड्याकडेही बघत नाही. ओरडू नका, झटका देऊ नका, त्याला वळवून लांब न्या. तुम्ही जरा लवकर जवळ गेलात, एवढंच. तोंड सैल, शेपूट मोकळी, जमीन हुंगतोय, तर ठीक चाललंय.

पुढची पायरी म्हणजे कोंबड्या मोकळ्या आणि कुत्रा हातातल्या दोरीवर. कुणीतरी दाणे टाकून कोंबड्यांना फडफडू द्या, कारण खरी परीक्षा फडफडण्याची असते. इथे मागे यावं लागलं तर खुशाल या. त्यानंतर दोरी जमिनीवर लोळत ठेवून, तुम्ही जवळ उभे. सगळ्यात शेवटी दोरी काढा, तीही तुम्ही तिथेच असताना. कुणाला यात महिना लागतो, कुणाला तीन. ज्याने आधी पाच-सहा कोंबड्या मारल्यात त्याला वेळ जास्त लागणारच.

आणि स्पष्टच सांगतो: ज्याने एकदा कोंबडी मारली आहे तो कितीही शहाणा झाला तरी त्याला कोंबड्यांत एकटा सोडून गावाला जाऊ नका. तुम्ही समोर असताना ऐकणं वेगळं आणि माघारी ऐकणं वेगळं. खुराड्याला जाळी आणि कडी ही लागणारच.

*शेळ्या, वासरं, मांजर*

शेळ्यांशी ओळख करतानाही हीच रीत, फक्त शेळ्या दावणीला बांधलेल्या असू द्या आणि पहिल्यांदा शांत, मोठी, शिंगाची शेळी निवडा. करडं उड्या मारतात, त्यांच्याजवळ सगळ्यात शेवटी न्या. नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीपासून मात्र कुत्रा लांबच ठेवा. एरवी गरीब असलेली म्हैस वासरासाठी कुत्र्याला अंगावर घेते, मधे माणूस असला तर त्यालाही.

व्यायल्यावर पडलेला जार किंवा गाभडलेलं वासरू कुत्र्याला खाऊ देऊ नका. खोल खड्ड्यात पुरा. अशा गोष्टी खाल्ल्याने काही रोग कुत्र्यात जातात आणि त्याच्या विष्ठेतून चाऱ्या-पाण्यावाटे परत गोठ्यात येतात, मग गाई गाभडतात. हातमोजे घालून उचला, कारण गाभडण्याचे काही रोग माणसालाही होतात.

मांजराला उंच जागा हवी. माळा, फळी, कणगीची वरची बाजू, काहीही. त्याचं खाणं वर ठेवा. ओळख करून द्यायची म्हणून मांजर उचलून कुत्र्याच्या तोंडापुढे धरू नका. पोरं हमखास हे करतात आणि ओरबाडून घेतात. कुत्रा दोरीवर बसलेला असू द्या, मांजर आपल्या मर्जीने येईल. घरात दोन कुत्रे असतील तर थाळ्या वेगळ्या आणि लांब ठेवा. बहुतेक भांडणं खाण्यावरून होतात.

*हे उपाय करू नका*

मारलेली कोंबडी गळ्यात बांधून ठेवायची, म्हणजे त्याला किळस येते, असं जुने लोक सांगतात. त्याने काही होत नाही. सडलेल्या मांसाने रोगराई तेवढी येते. गळ्यात लाकडी लोढणं अडकवल्याने पुढचे पाय सोलून निघतात. उपाशी ठेवणं तर उलटच. आणि मार? कोंबडी मारून झाल्यावर दहा मिनिटांनी काठी घातली तर त्याला एवढंच कळतं की मालक आला की पळायचं. पुढच्या वेळी तो कोंबडी तोंडात घेऊनच उसात शिरेल. कोंबडी धरलीच तर गप्प जाऊन "सोड" म्हणा, तुकडा देऊन सोडवा, बांधा, आणि ती कोंबडी त्याला खायला देऊ नका.

तो गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती मार देऊन बंद केली तर पुढच्या वेळी न सांगता चावतो. लहान पोरांना हे नीट समजावून सांगा: जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

खच्चीकरणाबद्दल बरेच जण विचारतात. सहा महिन्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर करा. त्याने भटकणं आणि नरांची मारामारी कमी होते. पण कोंबड्यांमागे पळणं त्याने थांबत नाही, ते शिकवावंच लागतं.

*लस आणि जंताची गोळी*

एवढ्यात तुम्ही त्याच्या तोंडाजवळ रोज हात नेणार, म्हणून आधी रेबीजची लस. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची आणि नंतर दरवर्षी. कुत्रा चावला किंवा नख लागून रक्त आलं, मग तो घरचा का असेना, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की जवळपास कुणीच वाचत नाही. त्याआधी लस घेतली तर वाचतो.

शांत कुत्रा अचानक पिसाळल्यासारखा वागायला लागला, आवाज बदलला, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर तो वळणाचा प्रश्न नाही. लांब राहा आणि डॉक्टरांना फोन करा. गाई-म्हशीचंही तसंच. लाळ गळतेय, घशात काहीतरी अडकल्यासारखं करतेय, म्हणून तोंडात हात घालून बघायची आपल्याकडे सवय आहे. कुत्रा चावल्याची जराही शंका असेल तर हात घालू नका.

दुसरी गोष्ट जंताची. कंदुरीला, जत्रेला बोकड कापला की मुंडकं, काळीज, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकतात. त्या काळजात-फुप्फुसात किंवा मेंदूत पाण्याचे फुगे असतात, त्यात पट्टकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्यात वाढतात, अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात आणि परत शेळी-मेंढीच्या पोटात जातात. शेळी मान एका बाजूला करून गोल गोल फिरायला लागते, ते यातूनच. असाच एक प्रकार माणसाच्या काळजातही गाठ करतो. म्हणून टाकाऊ अवयव पुरा किंवा पूर्ण शिजवा, कुत्र्याला दर तीन महिन्यांनी वजनाप्रमाणे प्राझिक्वांटेल असलेली जंताची गोळी द्या, आणि चाऱ्याच्या गंजीवर कुत्र्याला झोपू देऊ नका. गोचिडांसाठी पिकावरचं कीटकनाशक अंगाला चोळू नका. कुत्रा अंग चाटतो आणि मरतो.

*बिबट्याच्या पट्ट्यातल्या सभासदांसाठी*

जुन्नर, शिरूर, संगमनेर, अकोले या बाजूला कुत्रा रात्री अंगणात साखळीला बांधणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. रात्री कुत्रा बंद खोलीत, पडवीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. भुंकून जागं करण्याचं काम तो तिथूनही करतो.

सगळं करूनही एखादा कुत्रा वस्तीवर जमत नाही, असं होतं. मग ज्याच्याकडे शेळ्या-कोंबड्या नाहीत अशा माणसाला खरं सांगून द्या. दुसऱ्या गावच्या शिवारात रात्री सोडून येऊ नका. तिथे तो टोळीत मिसळतो आणि दुसऱ्या सभासदाच्या शेळ्यांवर पडतो.

कुणाला अडलं तर कुत्र्याचं वय, नर की मादी, खच्ची केलेला आहे का, दिवसातून किती वेळ बांधलेला असतो आणि आतापर्यंत काय काय धरलंय, एवढं लिहून पशुपालन गटात पाठवा. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ असला तर सांगायला सोपं जातं. व्हिडिओसाठी म्हणून कोंबड्यांमागे सोडू नका, दोरीवर असतानाचाच काढा.